पेन्सिलीनं

एप्रिल आहे. लुआंग्वा अजून काठांवरून उतरलेली नाही.
काळ्या मातीत लॉरी रुतली तर मे संपेपर्यंत तिथेच राहील,
आणि मी कॅम्पच्या ऑफिसात, गळक्या कोपऱ्यापासून
टेबल जरा लांब ओढून
जूनमधले चार दिवस आखते आहे.

गेल्या वर्षीचा नकाशा समोर आहे. निम्मा खोटा.
ही नदी दर पावसाळ्यात कूस बदलते.
आम्ही चहाला थांबायचो तिथे आता
पाणघोडे डुंबतात,
आणि जिथून प्रवाह जायचा तिथे उरलंय
कुणी वाळूत टाकून दिलेल्या विळ्यासारखं तळं.

म्हणून पेन्सिल.
म्हातारा थाडेयो, ज्यानं मला माग काढायला शिकवलं,
म्हणायचा, शिशाचे दोन उपयोग.
एक मी तरुणपणी केला, त्याबद्दल विचारू नकोस.
दुसरा हा.

पाहुण्यांचं पत्र आलंय. लिस्बनचं कुटुंब.
गाद्या मऊ आहेत का, डास किती,
आणि बिबट्या नक्की कोणत्या दिवशी?
मी लिहिते: दुसऱ्या संध्याकाळी, आबनुसाच्या राईत,
सूर्य बुडताना.
बिबट्याला अजून कळवलेलं नाही.

पहिल्या दिवशी लांब नेणार नाही त्यांना.
प्रवासानं आंबलेली माणसं सिंहासमोरही पेंगतात,
मी पाहिलीत.
एखादी मुंगूसांची टोळी पुरते,
आणि शेणकिडा, तो तर कुणालाच आवडतो,
उलटा चालत, मागे न बघता, आपला गोळा घेऊन.
तिसरा दिवस पायी.
चौथा कोराच ठेवते दरवर्षी. तोच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

खाली टीप आहे: येणार होते चार, आता तीन.
काका शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये.
पैसे परत नकोत, म्हणतात.

म्हणजे एक सीट. भरलेली आणि रिकामी.

आमचं आडनाव न्जोव्हू. अर्थ हत्ती.
मार्चमध्ये आईचा मका एका रात्रीत गेला
तेव्हा गावप्रमुख हसून म्हणाला,
भावकीतलं भांडण, मी काय न्याय करू?
कुंपणाच्या दोरीला आम्ही मिरचीत बुडवलेल्या चिंध्या बांधतो,
मिरची कालवलेल्या शेणाच्या विटा जाळतो,
रात्रभर खोकतो. हत्तीही खोकत असतील.
एस्नात अकरा वर्षांची आहे.
तिच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी असते,
ती बडवते,
अंधारातून ताटं मोडल्याचा आवाज येतो,
मग पोटातली गुरगुर, इतकी जवळ
की ती जमिनीतून पायांना कळते.

पार्कचं फाटक आमच्या घरापासून सात किलोमीटर.
आत जायला गाडी लागते, तिकीट लागतं,
आणि आत जायचं कशाला, असं आधी वाटावं लागतं.
मी परीक्षा दुसऱ्या खेपेस पास झाले,
नऊ वर्षं अनोळखी माणसांना सांगतेय
उजवीकडे पाहा, हळू बोला,
ती मादी आहे, तिच्या कपाळाचा आकार बघा.

काल जेवताना एस्नातनं विचारलं,
आई, दिवसा तो कसा दिसतो?

उत्तर माझ्याकडे होतं. खांद्याइतकी उंची, वजन, वय,
रोजचा चारा.
मी ताटातला न्शिमा चिवडत बसले.

जूनमध्ये पहाटे गारठा असतो. एक कांबळं जास्त.
शुक्रवारी शाळा बुडेल, बाईंना चिठ्ठी.
लिस्बनवाल्यांना सांगावं लागेल, मुलगी गप्प बसते,
हे मात्र पूर्ण खरं नाही.
चौथ्या सीटसमोर ऑफिसनं शाईनं लिहिलंय, रिकामी.
त्याच्याखाली मी बारीक अक्षरात तिचं नाव लिहिते.

मॅनेजरना अजून विचारलेलं नाही.
बिबट्यालाही नाही.