सहावी नळी

नव्वद हवेत, बाबा म्हणतात.
मी काचेचा हायड्रोमीटर पिवळसर नायट्रोत सोडते,
तो डुलतो, डुलतो, थांबतो.
अठ्ठ्याऐंशी.
दुपारभर ड्रम ट्रकच्या पाठीवर तापला होता,
तापलेलं नायट्रो स्वतःला हलकं सांगतं,
तेव्हा दोन वाढवून वाच.
हे मला नवव्या वर्षी आलं, अपूर्णांकांच्या आधी.

नेब्रास्का. मक्याच्या मधोमध
युद्धातल्या बॉम्बर विमानांची धावपट्टी,
सिमेंटच्या फटींतून रानटी सूर्यफुलं,
आणि शनिवारी आम्ही.
डेल्मर व्होंद्राचेक, आठवडाभर
धान्याच्या उंच कोठारांना डाग देणारा माणूस,
आपल्याच गॅरेजात ठोकलेल्या
लांबलचक, हडकुळ्या गाडीत बसतो.
इंजिन पुढे, तो मागे,
दोन्ही बाजूंना चार चार नळ्या
आकाशाकडे तोंड करून.

दिवसा ज्योती दिसत नाहीत.
म्हणून आम्ही साडेआठची वाट बघतो,
थंड हॉट डॉग खात.
अंधारलं की दिसतात, हातभर उंच,
पांढऱ्या, बुडाशी पिवळ्या,
आणि तारेच्या कुंपणापलीकडची पोरं किंचाळतात.
त्यांना वाटतं, हीच ताकद.
बाबा म्हणतात, छे, ही तर उरलेली.
आत जळायला जिला सवड मिळाली नाही
ती बाहेर येऊन, हवेला भेटून जळते.
जे पळवतं ते दिसत नाही, रॉक्सॅन.

माझं काम मोजायचं.
गाडीमागे उभं राहायचं, डोळे चुरचुरले तरी
मिटायचे नाहीत, आणि आठ मोजायच्या.
एक कमी भरली, तर त्या घरात
न जळलेलं नायट्रो साचतंय, पाण्यासारखं,
आणि पाणी दबत नाही.
मग इंजिन दबतं. मग फुटतं.
त्याच्या मांडीपासून ते एक वीत आहे.

त्या शनिवारी शेजारच्या लेनमध्ये मर्ल ह्रूबी.
अकरा वर्षांत बाबांनी त्याला हरवलं नव्हतं.
टायरचा धूर ओसरला, दोन्ही गाड्या रेषेवर सरकल्या,
जमीन माझ्या दाढांतून बोलू लागली.
एक दोन तीन चार.
पाच.
सात, आठ.
सहा?
वारा होता. धूर होता.
डोळ्यांत पाणी होतं, ते नेहमीच असतं.
मी पुढे धावले, गळ्यावरून आडवा हात फिरवला:
बंद कर.

त्यांनी बंद केली.
विचारलं नाही, वळून बघितलं नाही.
तेवढ्यात दिवे पिवळे झाले, मग हिरवे,
आणि ह्रूबी एकटाच गेला,
आठही ज्योती घेऊन, पाव मैल,
शेवटी त्याचं पॅराशूट उघडलं,
कुणीतरी झटकलेल्या चादरीसारखं.

इंजिन गप्प झालं की
कानांत जे उरतं, त्याला शब्द नाही.
आम्ही दोघांनी गाडी ढकलत मागे आणली.
बाबांनी टोपीतला दिवा लावला,
सहाव्या घराचा प्लग काढला,
माझ्याकडे पाठ करून बघितला,
बराच वेळ.
"ओला आहे," म्हणाले. "चिंब."
आणि फडक्यात गुंडाळून खिशात टाकला.
बाकीचे सात त्यांनी नेहमीसारखे
ट्रेमध्ये ओळीनं मांडले, मला वाचायला.

घरी येताना खिडक्या उघड्या,
कपड्यांना तो उग्र वास,
रेडिओवर सोयाबीनचे भाव.
ह्रूबीबद्दल एक शब्द नाही.

सोमवारी मी धुण्याआधी खिसे उलटे केले.
दोन वॉशर, पेन्सिलीचं थुटूक,
आणि फडकं.
मी ते उलगडलं.
चिनी मातीवर
भाजल्या पावाचा फिका रंग.
ओला प्लग असा दिसत नाही,
वाळल्यावरसुद्धा नाही.
मला वाचता येतं. त्यांनीच शिकवलंय.

मी ते तसंच गुंडाळलं,
पॅन्ट धुतली, दोरीवर घातली,
आणि फडकं परत त्याच खिशात.
पुढच्या शनिवारी त्यांनी हेल्मेट चढवण्याआधी
मला म्हटलं, नीट मोज हं.
म्हटलं, हो.