व्यवसायाचा रकाना

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, पोस्टाच्या समोर
माझं टायपिंगचं दुकान.
एक टेबल, एक पंखा,
बाहेर बाकड्यावर रांगेत बसलेले देश.

विदाद पहिल्यांदा आली ते साल ब्याऐंशी.
ओळखपत्राचा अर्ज. नाव झालं, जन्म झाला.
व्यवसाय? मी विचारलं.
तिनं पर्स उघडून आत पाहिलं,
जणू तिथंच कुठं ठेवला होता.
“लेखिका,” म्हणाली. “आजपुरतं लिही.”

गोष्टी लिहायची ती ‘मौज’ या नावानं.
मौज म्हणजे त्यांच्याकडे लाट.
आमच्या किनाऱ्याला लागेतो
लाटेची गंमत झाली, मी म्हटलं.
ती हसली नाही. वहीत टिपून घेतलं.

पुढच्या खेपेला काखेत ऊद.
ऊद मला ठाऊक तो धुपाटण्यातला,
हा तारांचा.
पंखा घरघरत होता. तिनं खुंट्या पिळल्या,
एकेक तार पंख्याला मिळवत गेली.
“काळी दोन,” मी न राहवून बोललो.
हर्णैच्या देवळात सात वर्षं पेटी मीच वाजवायचो,
हे त्या दुकानात कुणाला सांगणार होतो?
ती म्हणाली, “आणि तुझ्या कार्डावर काय आहे?”
मी दाखवलं:
मेकॅनिक, सहायक.
एजंटाकडे तोच व्हिसा शिल्लक होता.
आयुष्यात पाना धरला नाही मी.
तेव्हा मात्र ती हसली,
खोकला येईपर्यंत.

मग फिल्म.
मोत्यांसाठी बुड्या मारणारे शेवटचे म्हातारे,
त्यांचे फुटलेले कान, सावकाराच्या वह्या.
माझी बोटं आहेत त्यात, अकरा सेकंद,
न परतलेल्यांची नावं टाइप करताना.
एका क्लबाच्या गच्चीवर दाखवली.
चादरीचा पडदा वाऱ्यानं फुगला
तशी होडी आमच्या अंगावर आली,
आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा
खुर्ची सोडून बाजूला झाला.

बाकड्यावरचा आमचा कांबळी म्हणाला,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
तिला अर्थ हवा होता. मी चाचरत सांगितला.
“तुझ्या गावी होडीच्या फटीत काय ठोकतात?”
कापूस. चिंध्या. तेलात भिजवून.
“मग?” म्हणाली,
आणि अर्ज पुढं सरकवला.

त्रेपन्नाव्या वर्षी विद्यार्थिनी.
होड्यांचे शब्द गोळा करत हिंडत होती.
जहाजाच्या मालकाला आम्ही नोखदा म्हणतो, तुम्ही?
नाखवा, मी म्हटलं.
ती खुर्चीवरून उठलीच.
दोन संध्याकाळी दुकान बंद ठेवून
मी तिला आजोबांची बोली दिली,
सुकाणू, नांगर, शिव्यासुद्धा.
प्रबंधात तळटीप दोनशे बारा माझी आहे.
त्यांच्या लिपीत ‘व’ची पंचाईत,
रघुवीरचा रघुफीर झालाय.
असू दे. छापलाय.

परवा तिची भाची आली.
मृत्यूचा दाखला. अर्ज आता पडद्यावर भरायचा,
यादीतून एकच निवडायचं,
रकाना रिकामा ठेवला तर लाल होतो,
पुढं जाऊ देत नाही.
मी यादी खालीवर केली.
भाची मोबाइलवर होती. गाडी चुकीच्या जागी लावलेली.
“गृहिणी टाका ना,” म्हणाली,
“सगळ्यांचं तेच टाकतात.”

मी सांगू शकलो असतो.
थांबा, म्हणू शकलो असतो.
माझ्या खणात एकोणचाळीस वर्षांच्या नकला होत्या,
दर खेपेचा वेगळा शब्द,
सगळे माझ्याच बोटांनी टाइप केलेले.

गृहिणी टाकलं.
पाचशे फिल्स झाले. घेतले.

दुकानात एसी येऊन बारा वर्षं झाली.
पंखा तेवढा काढू दिला नाही मी.
त्या संध्याकाळी शटर ओढून घेतलं
आणि टेबलाच्या कडेवर, जिथं पेटी असती तिथं,
काळी दोन दाबून धरली.
वरून सूर आला.
किंचित उतरलाय आता.