खोली नंबर नऊ

कॉटच्या लोखंडावर खिळ्यानं कोरलेलं:
'सुनंदा. बी.ए. तीन. जाते.'
कुठे, ते नाही.
तिची गादी मला आली,
मधोमध खळगा असलेली.
माझ्याहून जाड असेल ती,
किंवा माझ्याहून जास्त वेळ
बसून राहिलेली असेल.

रेक्टर बागुलबाईंनी नियम वाचून दाखवले.
सातला हजेरी. दहाला लाइट.
खोलीत इस्त्री नाही, शेगडी नाही,
खिडकीशी उभं राहून रेल्वे बघायची नाही.
शेवटचा नियम का, कुणी विचारलं नाही.
नंदुरबारात बघण्यासारखं दुसरं काय होतं,
तेही नाही.

तीन कॉट, दोन कपाटं, एक प्लग.
प्लगचं टाइमटेबल आधी झालं,
नावं आम्ही नंतर विचारली.

मृणाल भंगाळे, सावद्याची,
पिशवीत बिबडे आणि केळीचे वेफर,
पॅसेंजरच्या गर्दीत पार चुरा झालेले.
रोशना वसावे, मोलगीच्याही वरची,
जिथून खाली यायला एक जीप,
ती चुकली की उद्याची जीप.
मी बेटावदची.
'धुळ्याची' असं सांगितलं.

बोलायचो तिघी धड्यातल्या मुलींसारखं.
'जरा बादली देतेस का?'
'हो, अवश्य.'
मी 'शे' गिळायचे, 'आहे' म्हणायचे,
एकेका वाक्याला इस्त्री करून,
बागुलबाईंच्या नाकाखाली.

मेसमध्ये शुक्रवारी शेवभाजी.
पहिल्या पंगतीला शेव,
दुसऱ्या पंगतीला भाजी.
आमचा नंबर नेहमी दुसऱ्या पंगतीत.

डिसेंबरात रुळांपलीकडच्या पथारींवर
मिरची वाळत पडली, नजर जाईल तिथपर्यंत लाल.
वारा फिरला की वसतिगृह खोकायचं,
तळमजल्यापासून सुरू, मग जिना, मग गच्ची,
जणू कुणी हजेरी घेतंय.

त्या खोकल्यांच्या मधल्या शांततेत
रोशना झोपेत बोलताना ऐकली.
कुणाला तरी लांबून हाक,
मग बराच वेळ गप्पा, मग हसू.
एकच शब्द ओळखीचा: याहा.
जीपच्या काचेवर देवीच्या नावात वाचलेला.
तो म्हणून ती थांबायची,
उत्तराला जागा ठेवून.

मी तिला सांगितलं नाही.
आठ रात्री ऐकलं, चोरून,
दुसऱ्याचं पत्र वाफेवर उघडावं तसं.

नवव्या सकाळी तीच म्हणाली,
तोंडात ब्रश:
'तुझी बादली सापडली?'
'कुठली?'
'रात्री ओरडत होतीस ना,
मनी बादली कोन लई गयं वं!
मी म्हटलं, मी नाही नेली.
तर शिवी दिलीस.'
'कुठली?'

तिनं दिली.
माझ्या थोरल्या मावशीची शिवी,
जशीच्या तशी, हेलासकट,
मोलगीच्याही वरच्या पोरीच्या तोंडून,
पेस्टच्या फेसातून.

'एकदाच ना?' मी.
'ऑगस्टपासून,' पांघरुणातून मृणाल बोलली.
'आम्ही रोज पैज लावतो.
बादली की मावशी.'

मी गादीच्या खळग्यात बसून राहिले.
हसू आधी कुणाला आलं, आठवत नाही.
लाज मात्र माझीच होती,
आणि तीही मृणालच्या वेफरांसारखी,
चुराच उरलेली.

त्याच दिवशी नळापाशी बादली गेली, खरोखरची.
मी जागेपणी ओरडले,
तेच वाक्य, तोच 'वं'.
वरच्या मजल्यावरून कठड्याला रेलून
साक्रीकडची कुणी पोरगी:
'मी लई गऊ! काय करशी?'

दहाला लाइट जातो.
भुसावळकडची गाडी येते तेव्हा
तिघी खिडकीशी असतो.
बागुलबाईंची खिडकी आमच्या शेजारीच.
तिथेही अंधार असतो,
आणि बांगड्यांचा आवाज.

मृणालला झोपेत काही बोलता येत नाही,
नुसती दात खाते रात्रभर.
कुठल्या भाषेत, ते अजून लागलेलं नाही.