मिरचीचे हात

डिसेंबरात नंदुरबारची हवा लाल होते.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची अंथरलेली,
रिक्षावाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे शिंकत असतात,
आणि आई दिवेलागणीला घरी येते ती
दोन्ही हात अंगापासून लांब धरून,
जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत
आणि सकाळी जसेच्या तसे परत करायचे आहेत.

कोपराने दार ढकलायची.
आमच्या केसांतूनही कोपरच फिरवायची.
अमोस लहान होता, त्याला वाटायचं
सगळ्याच आया कोपराने लाड करतात.

तेवीस तारखेच्या रात्री ती भिंतीला टेकून बसली.
शलोमी, परात घे.
दीड किलो मैदा. चाळ. परत चाळ.
तूप आधी फेस, पांढरं होईतो.
वेलची सोलून टाक गं, सालासकट काय टाकतेस.
आणि पाणी?
पाण्याचं नाव काढू नको.

मी मळत होते,
आणि ती मांडीवरच्या हवेत बोटं चालवत होती,
दाबत, दुमडत, मुठीने लोटत.
तिचं पीठ माझ्या आधी मऊ झालं.

याकोबमामाने डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून
चांदणीचा साचा केला होता.
चार टोकं सरळ, पाचवं मुडपलेलं,
दुरुस्त करू करू म्हणत मामा सुरतेला निघून गेला.

मुश्ताकभाईंच्या भट्टीवर त्या रात्री रांग.
पत्र्यांच्या कडेला खडूने नावं:
वळवी, पाडवी, गावित, वसावे, गावित, गावित.
मुश्ताकभाई लांब फळीने पत्रे आत सरकवत म्हणाले,
तुझं नाव कशाला लिहितेस पोरी,
लंगड्या चांदण्या तुमच्याच.
थंडी होती. भट्टीच्या तोंडाशी आम्ही सगळे
एका बाजूने भाजत उभे होतो.

घरी आलो तर आई जागी.
दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला,
पिठीसाखरेत लिंबू पिळलं, थोडं बीट.
अमोसकडे रंगीत बडीशेप दिली, चिकटवायला.
चार चिकटवायचा, सहा खायचा.
माझ्या रेघा ओघळत होत्या.
आई बघत राहिली, बघत राहिली,
आणि उठली.

आधी गोडं तेल. मग बेसन. मग ताक.
मग चुलीतली राख, मग साबण, मग परत तेल.
अमोस, हुंगून बघ.
अमोस शिंकला.
परत ताक.

मग तिने माझ्या हातातून पिशवी घेतली
आणि चांदणीच्या पोटात एक विंचू काढला,
तिच्या मनगटावर गोंदलेला होता तसाच,
नांगी वर, ठिपक्या-ठिपक्यांचा.
दुसरीवर बाजरीचं कणीस.
तिसरीवर परत विंचू.
मी म्हटलं, आई, नाताळाला विंचू?
ती मान वर न करता म्हणाली,
गोठ्यात काय नुसती मेंढरंच असतील?

पहाटेपर्यंत एकशेबारा झाल्या.
शेवटच्या वीसेक काढताना ती बोटांनीच साखर सारखी करत होती,
ताक विसरून, मनगटाने डोळे पुसत,
आणि मग डोळे आणखीच वाहत होते,
म्हणून काही कळायला मार्ग नव्हता.

पंचवीसला उपासनेनंतर पास्टर आले.
विंचू उचलला, निम्मा तोडला,
छान, म्हणाले. मग थांबले.
मग म्हणाले, थोडं पाणी मिळेल?
अमोस दारामागे लोळून हसत होता.
आईचा चेहरा पडला. पास्टरांनी
पाणी पिऊन उरलेला निम्मा खाल्ला,
आणि नाक पुसत दुसरी उचलली.

दुपारी एक ताटली मुकादमाच्या घरी गेली,
क्रोशाच्या रुमालाखाली, सगळ्यात देखण्या आठ.
संध्याकाळी ताटली परत आली.
भरली ताटली रिकामी कशी पाठवायची,
मुकादमाची बायको रीतीभातीची.
रुमाल उचलला:
मूठभर मिरच्या, कोरड्या, लांब, देठासकट,
बहुतेक आईनेच निवडलेल्या.

आई त्यांच्याकडे बघत राहिली.
सुट्टीचा दिवस होता, हात स्वच्छ होते.
तिने ताटली कोपराने
फळीच्या पार आतपर्यंत लोटली.