सातचा पत्रा

यारंबीच्या मैदानावर गुणफलक होता
गव्हाच्या कोठाराकडच्या चढावर.
फळ्या, खिळे, पेटीत आकड्यांचे पत्रे,
आणि ते टांगायला मी, वय अकरा.
मजुरी एक मीट-पाय आणि लिंबूसोडा.

सहाचे पत्रे चारच होते.
नऊ हवा असला की सहाच उलटा टांगायचा.

अठ्ठावन्न साल, सप्टेंबरातला शेवटचा शनिवार.
वारा उत्तरेचा, दातांत लाल माती.
कुंपणाला नाक लावून उभ्या मोटारी,
आत बायका, मांडीवर थर्मास.
गोल झाला की सगळे भोंगे एकदम वाजायचे
आणि कोठारावरचे पांढरे काकाकुवे
उठून खाऱ्या तळ्यावर जायचे, शिव्या देत.

बाप गोलपंच.
गावचा खाटीक, म्हणून पांढरा कोट घरचाच;
आईने नीळ घालून धुतला,
तरी खिशाशी एक तपकिरी डाग राहिला.
हातात दोन निशाणं.
लाथेवरून निघालेला चेंडू खांबांमधून थेट गेला
तर सहा गुण, दोन्ही हलवायची.
वाटेत कुणाचं नख जरी लागलं,
तर एक गुण. एक निशाण.

आम्ही पासष्ट. नॉर्टन्स क्रीक सदुसष्ट.

डेस ट्रेगेंझा आमचा, लोकर कातरणारा,
गुडघ्याला सायकलची ट्यूब आवळून खेळत होता.
पन्नास यार्डांवरून त्याने लाथ घातली
आणि चेंडू हवेत असतानाच
शाळेची घंटा वाजली, सामना संपल्याची.
त्यांचा लिओ पोल्नर उसळला
कुणाच्या तरी खांद्यावर गुडघा रोवून,
हात वर, बोटं ताणलेली

आणि बापाने एक निशाण हलवलं.

सहासष्ट. पाचवा सहा पेटीत नव्हता.
माझ्या हातात सातचा पत्रा होता.
तो उलटा केला, मागच्या गंजावर
खडूने सहा काढला, टांगला.
पलीकडच्या बाजूला भोंगे वाजत राहिले.
आमच्या बाजूला कुणीतरी थर्मासचं झाकण लावलं.
ते ऐकू आलं.

पुढे तीन महिने यारंबीने मटण
अकरा मैलांवरून आणलं, क्रीकवाल्यांकडून!
दुकानाच्या काचेवर कुणी रंगवलं, चष्मा घे.
फक्त व्हेरा डन्स्टनबाई दर मंगळवारी यायच्या
कुत्र्यासाठी हाडं न्यायला.
कुत्रा ईस्टरलाच मेला होता.

आणि मला सगळे विचारत,
तू वर होतास, तुला दिसलं असेल.
मी पिणाऱ्याचं गाव बघून सांगायचो.
आमच्या माणसाला: छे, हातभर अंतर होतं.
क्रीकच्या माणसाला: करंगळी, स्पष्ट.
तेहेतीस वर्षं माझा बिअरचा खर्च
त्या एका चेंडूने चालवला.
लिओ शपथेवर मेला. डेस त्यावर कधी बोललाच नाही.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात, इस्पितळात,
नाकात नळी घेऊन बापाने विचारलं,
"लागला होता का रे?"
त्याने हे कधीच विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, "लागला होता, बाबा. करंगळीला."

तो हसला. हसता हसता खोकला,
खोकला थांबल्यावर पुन्हा हसला.
"खोटारड्या. तू तर वाकला होतास
पेटीत तोंड घालून.
नुसती पाठ दिसत होती तुझी.
चड्डीला ठिगळ होतं, निळं."

नर्स चहा घेऊन आली.
साखर किती, यावर आम्ही बराच वेळ बोललो.

परतताना मेंढ्यांच्या फाटकापाशी
मी उतरलो, फाटक उघडलं,
गाडी आत घेतली नाही.
इंजिन चालू, दिव्यांत धूळ.
गोल होणारच म्हणून मी सात शोधायला वाकलो
ते डेसची लाथ बसल्यावर.
निशाण हललं तेव्हा मी सरळ उभा होतो.
मधे मी वाकलेला, तेवढाच वेळ.

तेवढाच.