येतो म्हण

रामबागेत, पहिल्या मजल्यावर,
दर गुरुवारी चार वाजता माझ्यापुढे एक फॉर्म असतो
आणि फॉर्मच्या पलीकडे कुणीतरी लहान.
आज निषाद टोकेकर. सात वर्षं, दोन महिने.
"आणि नऊ दिवस," तो म्हणतो.

"खिडकी उघडता येईल का रे तुला?"
"येईल."
तो बसून राहिला. खिडकीही.
शून्य.

"आता का तोंडात मूग धरून बसलास?"
हे फॉर्मात नव्हतं, आई मागून बोलली.
त्याने आ केला,
जीभ उचलून दाखवली, एकेक गाल बोटाने ताणून दाखवला.
मूग नव्हते. पुढचे दोन दातही नव्हते.

गल्लीतले भिया विचारतात, क्या चल रिया है,
तर हा वर बघून सांगतो, पंखा.
सगळे हसतात, आई म्हणाली,
आणि आपण का हसलो नाही
ते हा रात्री मला विचारतो.

कार्ड चौथं. मुलीचं आइस्क्रीम रस्त्यावर पडलंय,
शेजारचा मुलगा म्हणतो, "वा, छान!"
खरंच छान वाटलं असेल का?
निषाद कार्ड डोळ्यांजवळ नेतो.
"मुंग्यांना."
मी पेन उचलते, ठेवते.
मॅन्युअलमध्ये मुंग्या नाहीत.
घरात मराठी, शाळेत इंग्लिश, जिन्याखाली हिंदी;
आणि माझी मापं
कुठल्या तरी थंड देशातल्या मुलांवरून काढलेली.

निघताना आई म्हणाली, "मॅडमना येतो म्हण."
"जातो."
"जातो म्हणू नये, राजा. येतो म्हणावं."
"पण मी जातोय."
मग सँडलचा पट्टा लावत, खालीच बघत,
"बाबा येतो म्हणाले होते."

आई जिन्याकडे बघत राहिली.
फॉर्मात वडिलांच्या रकान्यात
तिने नुसती एक रेघ ओढली होती.
मी ती घाईत लिहिलेली समजले होते.

रात्री बेरीज केली. अहवालात लिहिलं:
न बोललेलं समजण्यात अडचण.
कुणाला, ते लिहिताना
हात जरा थांबला.

पुढच्या गुरुवारी, चाराला दोन मिनिटं कमी.
"जातो म्हणालो होतो," दारातूनच निषाद,
"तरी आलो."
"ये. काय चाललंय?"
त्याने छताकडे बघितलं.
"काहीच नाही. लाइट गेलेत."