चार नंबर बंद

"वाकू नका काका, ही चौकट उंच आहे."
तरी ते वाकलेच.

बॅलार्ड पिअर, रात्री सव्वाअकरा.
जहाज धक्क्याला टेकलेलं, चौदा मजली, पांढरं.
गुणाजी कोयंडे लिफ्टपाशी आले आणि बोटानं खाली दाखवलं.
मी वरचं बटण दाबलं.
गळलाच तर हा वायू वर पळतो,
म्हणून त्याची खोली मागच्या डेकवर, आभाळाखाली.
"एकतीस वर्षांत मी वर आलो दोनदा," ते म्हणाले,
"एकदा आग लागली तेव्हा.
एकदा कप्तानाच्या मुलीचा पंखा दुरुस्त करायला."

खोलीत एक कपाट. राखाडी, बिनखिडकीचं,
आत बारीक घरघर, दूध तापण्याआधी येते तशी.
डावा कान गेलेला, उजवा अर्धा,
त्यांना तीही ऐकू आली नसणार.
तळहात पत्र्यावर ठेवून उभे राहिले,
पोराचा ताप बघावा तसे.
"चालू कधी करणार?"
"चालू आहे. सात मिनिटं झाली."

हात त्यांनी काढला नाही.

मी मोठ्यानं, उजव्या कानाशी सांगितलं:
इकडून हायड्रोजन, तिकडून साधी हवा,
मध्ये एक पडदा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा.
प्रोटॉनला आरपार वाट आहे.
इलेक्ट्रॉनला मनाई, त्यानं लांबून यायचं,
आणि त्या लांबच्या वाटेवर आपण त्याला गाठतो,
त्याच्याकडून दिवे लावून घेतो, लिफ्ट ओढून घेतो,
पाचव्या मजल्यावर कुणाच्या लग्नाची पन्नाशी आहे,
तिथला केक गार ठेवून घेतो.
मग पलीकडे सगळे भेटतात
आणि त्यांचं पाणी होतं.

"कस्टमच्या गेटासारखं," काका म्हणाले.
"माणूस सरळ आत, पेटी फिरून.
पण जळतं काय?"
काही नाही.
"काहीच नाही?"

ते उलट्या बादलीवर बसले.
आमचं तेल, म्हणाले, डांबर गं.
उकळवून पाजावं लागायचं मशिनीला.
घरी आलो की तीन दिवस नाकातून काळं,
सुमती माझे रुमाल वेगळे धुवायची,
आणि बंदरात बोट उभी असली
की माझगावच्या गच्चीवर कुरडया घालायची नाही.
कुणाची बोट, कधी विचारलं नाही तिनं.
माझीच असायची कधीकधी.

निचऱ्याच्या नळीतून पाणी ठिबकत होतं.
त्यांनी खिशातला रुमाल काढला, खाली धरला,
दिव्याकडे नेऊन पाहिला.
ओला. कोमट. पांढरा.
मग मी नको म्हणायच्या आत एक थेंब जिभेवर.
"मीठ नाही. गंज नाही," ते म्हणाले,
"कुणाच्याच गावचं नाही हे पाणी."

मी सगळं सांगून टाकलं, कारण ते विचारणारच होते:
अख्खं जहाज यावर चालत नाही.
चारातला एक जनरेटर, तोही उभ्या जहाजाचा,
तोही चाळीस मिनिटं, तोही परवानगीच्या चार फायली करून.
कठडा सुटला की पुन्हा तेच डांबर.

ते कठड्याशी गेले.
खाली धक्क्यावर नळकांड्यांचा ट्रेलर,
त्यातून लाल पाइप वर आमच्यापर्यंत.
ड्रायव्हर झोपलेला, पाय खिडकीबाहेर,
आणि डिझेलचं इंजिन चालूच, एसीसाठी.

"हा वायू आणला कशानं?"
ट्रकनं.
"आणि बनवला कशातून?"
गॅसमधून, काका. सध्या तरी.
उन्हावर, वाऱ्यावर बनतो तो अजून महाग पडतो.

ते हसले नाहीत, हे मला आवडलं.
खाली उतरले, ट्रेलरपाशी गेले,
बॉनेटवर तोच तळहात ठेवला.
इथं त्यांना सगळं ऐकू येत होतं.
त्यांनी पोराचा पाय हलवला,
"ए, बंद कर. फुकट जळतंय."

त्यानं बंद केलं.
वर चिमणीतून, अजून अकरा मिनिटं,
काहीच येत नव्हतं.
आम्ही दोघं मान वर करून ते बघत राहिलो.